गुरुवारची ऑर्डर

प्रिय खारुताई,

मागच्या महिन्यात तुझ्या वाढदिवसाला आपण फोनवर बोललो, तेव्हा तू म्हणालीस की माझा आवाज बसल्यासारखा वाटतोय. मी सर्दीचं नाव पुढे केलं. सर्दी नव्हती. तुला काही सांगायचं होतं आणि फोनवर माझी छाती झाली नाही, म्हणून हे पत्र. माझं अक्षर वाचायला त्रास होईल हे ठाऊक आहे. इतकी वर्षं मेणात दात कोरून कागदावरही सगळं दाढांसारखंच उमटतं. पण सावकाश वाच, आणि जमलं तर एका बैठकीत वाच.

आधी घरची खबर. दोन महिन्यांपूर्वी बाबा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. आता ते एका शुश्रूषागृहात आहेत, तिथे त्यांच्यासारख्यांना पुन्हा चालायला शिकवतात. मी रोज दुपारी लॅबमधून तासभर सुटून जाते. चालण्याबद्दल त्यांची तक्रार नाही, सगळी कुरकुर कवळीबद्दल. येईल त्या नर्सला सांगतात की माझी मुलगी गावाला दात पुरवते आणि बापाच्या तोंडात मात्र कुणा दुसऱ्याचेच बसवलेत. लॅब तशीच आहे. खिडकीवर प्लास्टरची धूळ तशीच बसते. तुझ्या टेबलावर आता एक यंत्र आलंय. संगणकावर दात आखतं आणि पाढे म्हटल्यासारखे कोरून देतं. तुझं आठवड्याचं काम ते दिवसात उरकतं, पण सुळा कोरताना तुझ्यासारखी जिभेचं टोक बाहेर काढत नाही. म्हणून मला त्याची सवय होत नाही.

तुला आपले गुरुवार आठवतात ना? मला अलीकडे दुसरं काही आठवतच नाही. आठवड्याच्या कवळ्या गुरुवारी पाच वाजता दवाखान्यांकडे रवाना व्हायच्या आणि लॅबचे मास्तर ॲप्रन खुंटीला लावून म्हणायचे, ‘चला, लोकांच्या चावण्याची सोय झाली, आता आपली बघू.’ त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. घरी जायला त्यांचे पाय उचलत नव्हते, हे आपल्या दोघींना कळत होतं आणि आपण तसं कधी बोलून दाखवलं नाही. लॅबच्या मागच्या गल्लीपासून सुरुवात केली आणि चार वर्षांत आसपासचं एकही खानावळीचं दार सोडलं नाही. कोळशावर मांस भाजणारा तो अबोल माणूस. बूट काढून बसायचं ते जपानी हॉटेल, जिथे मास्तरांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला आणि जेवण संपेपर्यंत त्यांनी तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. तो पिझ्झावाला, ज्याला तू करपलेल्या कडेवरून शिकवणी दिलीस आणि त्याने पुढच्या वेळी आपल्याला पाहून भट्टीकडेच तोंड फिरवलं. नियम एकच होता. ज्याची पाळी, तो हॉटेल निवडणार आणि तिघांसाठी तोच मागवणार. बाकीच्या दोघांनी मेनूकार्डाला हात लावायचा नाही, नाक मुरडायचं नाही. आणि पाळी कुणाचीही असो, त्याने आत सांगायचं की शेंगदाणा चालणार नाही. तुला तो विषासारखा होता. मास्तर म्हणायचे, खारीचे दात दिले, नाव खारुताई पडलं, आणि नेमका शेंगदाणाच वर्ज्य. तू तोंडावर हात ठेवून हसायचीस. पुढचे दोन दात झाकायची सवय तुला दातांच्या लॅबमध्येही गेली नाही.

आणि मग मावशींचं हॉटेल सापडलं. सात टेबलं, भिंतीला फिकट हिरवा रंग, आत एकटी ती आणि तिची कढई. कुठल्या देशातून आली होती हे तूच तिला विचारलंस. तिने नाव सांगितलं आणि आपल्या तिघांनाही ते नकाशात कुठे आहे ते सांगता येईना, तेव्हा तीच आपल्यासाठी ओशाळली. तिचं सूप पहिल्यांदा तोंडात घेतल्यावर मास्तरांनी चमचा खाली ठेवला आणि वाडगंच तोंडाला लावलं. त्यानंतर ज्याची पाळी असेल तो मावशींकडेच न्यायला लागला आणि नियम नावापुरता उरला. भाषा तिला गिऱ्हाइकांकडूनच येत गेली. त्यामुळे ती ऑर्डर घेतल्यावर एकेक बोट दुमडत एकेक गोष्ट परत म्हणून दाखवायची. दोन सूप, एक तिखट, एक नाही तिखट. नूडल्स तीन. शेंगदाणा नाही, शेंगदाणा नाही. शेवटचं ती दोनदा म्हणायची आणि तुझ्याकडे बघून मान हलवायची.

त्या गुरुवारबद्दल आपण नऊ वर्षांत कधी नीट बोललो नाही. तुला फारसं आठवत नाही असं तू म्हणतेस आणि मी त्याचा फायदा घेतला. पाळी माझी होती. सकाळी एका दवाखान्याने माझी सहा दातांची पट्टी परत पाठवली होती, रंग जुळत नाही म्हणून. तुम्ही मला छटाबाई म्हणायचात ते उगाच नाही, दाताची छटा चुकवणारी मी नव्हे, आणि त्या डॉक्टरला मी मनातल्या मनात दिवसभर झोडपत होते. साडेसहाला आपण पोचलो. मी काउंटरपाशी गेले, मागे वळून मास्तरांना तोच किस्सा सांगता सांगता ऑर्डर दिली. मावशींनी बोटं दुमडत ती परत म्हटली. सूप दोन, नूडल्स तीन, नवीन रस्सा एक. मी हो म्हटलं आणि किस्सा पुढे सांगायला टेबलाकडे आले. त्या रश्श्याच्या तुझ्या दुसऱ्या घासानंतर काय झालं ते लिहीत नाही. तुझे ओठ सुजले, तू पर्समधली गोळी काढलीस आणि ती गिळता येईना, एवढं मला रोज दिसतं.

रुग्णवाहिकेत तुझ्याबरोबर मास्तर चढले, पण चढण्याआधी ते वळून माझ्याकडे आले. मला दंडाला धरून विचारलं, ‘सांगितलं होतंस ना?’ आणि मी म्हटलं, ‘हो, सांगितलं होतं.’

नव्हतं सांगितलं, खारुताई. विसरले होते. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

मग मास्तर दारातूनच मावशींवर ओरडले. त्यांचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. ती काउंटरमागे दोन्ही हात फडक्यात गुंडाळून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत आरोप नव्हता. ती आठवून बघत होती. स्वतः बोटं दुमडली तेव्हा तो शब्द होता की नव्हता, ते आतल्या आत चाचपत होती. मग ती मान खाली घालून म्हणाली, ‘चूक माझी. माझी भाषा कच्ची.’ त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. मी माझा स्कार्फ शोधत राहिले.

पुढचं तुला माहीत आहे. तुझं हृदय दोन मिनिटं थांबलं. तू वाचलीस, पण उजव्या हाताची बोटं थरथरू लागली ती कायमची. कोरणी हातात धरून तू आठवडाभर प्रयत्न केलास, मग ती पुसून खोक्यात ठेवलीस आणि भावाच्या गावी निघून गेलीस. स्टेशनवर तू मला मिठी मारून म्हणालीस की बिचाऱ्या मावशींना कुणी छळू नका. मी तुझी बॅग चढवून दिली. मावशींच्या हॉटेलात तपासणीला माणसं आली, त्यांना काही सापडलं नाही. गिऱ्हाईक थोडं तुटलं, पण हॉटेल बंद पडलं ते त्यामुळे नाही. तिला स्वतःच्या कानांचा भरवसा राहिला नव्हता. एकेका माणसाला ती तीन तीनदा विचारायची, टेबलापर्यंत मागे जाऊन पुन्हा विचारायची, लोक वैतागून उठून जायचे. तीन महिन्यांत तिने शटर ओढलं. मी त्या गल्लीतून जाणं सोडून दिलं. तुझी जागा गेली, मावशींचं हॉटेल गेलं, आणि मास्तरही लवकरच निवृत्त झाले. गुरुवार संपले.

आता शुश्रूषागृहाकडे येते. दुसऱ्याच आठवड्यात बाबांचं ताट परत द्यायला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, तर पलीकडे मोरीपाशी ती. केस पांढरे झालेत, पण फडक्यात हात गुंडाळून उभं राहणं तेच. तिने मला आधी ओळखलं. तिथे ती भांडी घासते आणि भाज्या निवडते. चुलीपाशी जात नाही आणि कुणी काय खायचं नाही ते सांगायला आलं तर दुसऱ्या बाईला हाक मारते. ती आता आपल्यासारखंच बोलते, एक शब्द अडत नाही. तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुमच्या मैत्रिणीचा हात कसा आहे?’ मी चमकले. हाताचं तिला कसं कळलं, हे विचारायचं धैर्य झालं नाही. बरा आहे म्हटलं आणि पळाले. त्यानंतर रोज बाबांच्या ताटात फळाची एखादी सोललेली फोड जास्त असायची. तीन आठवडे मी ती नुसती बघत होते.

शेवटी एका दुपारी ती मागच्या अंगणात बाकावर घेवडा सोलत बसली होती, तिथे जाऊन बसले आणि सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत. तिचे हात थांबले. म्हणाली, ‘पुन्हा सांगा. सावकाश.’ मी पुन्हा सांगितलं, एकेक वाक्य सुटं करून, ती पूर्वी सांगायची तसं. तिने हातातली शेंग टोपलीत ठेवली. मग म्हणाली, ‘म्हणजे मी नीट ऐकलं होतं.’ एवढंच. मी माफी मागायला लागले तर तिने हात वर करून मला थांबवलं, टोपली उचलली आणि आत गेली.

त्याच संध्याकाळी मी मास्तरांकडे गेले. ते आता काठी घेऊन चालतात. सगळं ऐकून घेतल्यावर ते काठी टेकत उठले, बूट घातले आणि शुश्रूषागृहाचा पत्ता मागितला. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाबांकडून कळलं की कुणी एक म्हातारा स्वयंपाकघराच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता, आणि ती भांडीवाली त्याला खुर्ची आणून देत होती. मास्तरांनी त्यानंतर माझा फोन उचललेला नाही. मी तक्रार करत नाही. आणखी एक: सोमवारपासून बाबा कवळीबद्दल बोलायचे थांबलेत. सूप बदललंय म्हणतात, कुणी नवीन बाई चुलीपाशी आलीय. मी खिडकीतून बघितलं. नवीन नाही. मला पाहून तिने तोंड फिरवलं आणि कढई हलवत राहिली.

हे पत्र लिहायचं कारण पाकिटात या पत्रामागे आहे. गुरुवारी ती खिडकीपाशी आली, एक जुनं पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, ‘हे तिला परत पाठवा.’ तुझं अक्षर मी लांबूनही ओळखते, थरथरतं असलं तरी. त्या वर्षी तिने तुला क्षमा मागणारं पत्र लिहिलं होतं आणि तू तिला उत्तर दिलं होतंस, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तू तिला माफ केलं होतंस, आणि ते पत्र तिने नऊ वर्षं जपून ठेवलं. ‘हे माझं नाही,’ ती म्हणाली. ‘मी जे केलंच नाही त्याची माफी मी का ठेवू?’ मी ते उघडलेलं नाही. ते तू तिच्यासाठी लिहिलं होतंस, आणि आता ते मला मिळावं असं मी मागत नाही, तू रागाने फाडून टाकलंस तरी ते योग्यच होईल. मला फक्त एवढंच हवंय की तू तिला दुसरं पत्र लिहावंस. माझ्याबद्दल काहीही लिही. पण त्यात एक ओळ अशी असू दे की मावशी, तुमच्या कानांची चूक नव्हती. माझ्याकडून तिने ते ऐकलंय, पण खोटं बोलणारीच्या तोंडून खरं ऐकून माणसाचं किती समाधान होणार? तिचा पत्ता खाली लिहिला आहे, या वेळी सगळी अक्षरं नीट काढून.

तुझीच म्हणवून घेण्याचा हक्क तू ठेवलास तर तुझीच,
छटाबाई