किलब्रानकला घोडी जिंकत नाही

१२ जून १९९४, रविवार

आजपासून शिस्त. यंदा किलब्रानक हर्डलवर एकच पैज लावायची, तीही पूर्ण अभ्यास करून. बँक हॉलिडेला, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी रेस. दोन मैल, नऊ हर्डल, म्हणजे उडी मारून ओलांडायचे अडथळे, वीसेक घोडे. चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, वाईटावर कमी. हेतू हा, की सगळ्यांनी एका रांगेत पोचावं. त्यामुळे पब्लिकला वाटतं कोणीही जिंकू शकतं आणि ते डोळे मिटून पैसे लावतं. मी इतिहास वाचतो.

इतिहास असा. जिंकणारा पाच किंवा सहा वर्षांचा असतो. अंगावर हलकं वजन. आधीच्या महिन्याभरात एकदा तरी रेस पळालेला. ज्यावर सगळ्यांचे पैसे, तो फेव्हरिट क्वचितच पहिला येतो. आणि १९६१ नंतर एकही घोडी जिंकलेली नाही.

मोटार टॅक्सच्या खिडकीवर सगळी नोकरी केली. तिथे माझं डोकं कोणाला दिसलं नाही. हरकत नाही.

उद्यापासून नुआलाला पीट, म्हणजे जळणासाठी कापलेली दलदलीतली माती, वाळत घालायला मदत करायची. नक्की.

१४ जून

नुआलाने तिच्या घोडीचं, बॉगकॉटनचं, नाव किलब्रानकला दिलं. मला न विचारता.

नुआला माझी थोरली बहीण. लग्न नाही. मीही केलं नाही, पण माझ्याकडे कारणं होती. तिचा ट्रेनरचा परवाना स्वतःच्या घोड्यांपुरता आहे, आणि स्वतःचा घोडा एकच: ही बॉगकॉटन. घोडीची आई विताना गेली म्हणून नुआलाने हिला बाटलीवर वाढवली. स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीच्या जागी. आता आठ वर्षांची आहे. लहानसहान तीन रेस जिंकलीय, त्याही चिखलात.

मी शांतपणे समजावलं. आठ वर्षं, त्यात घोडी, आणि जिंकल्यामुळे वजनही वाढलेलं. प्रत्येक नियमाविरुद्ध. नुआला बादली विसळत होती. म्हणाली, "मॅलकी, तिला हे कोणी सांगितलंय का?"

अशा माणसाशी काय बोलणार.

पीट राहिलं. कंबर.

१९ जून, रविवार

काल फुटबॉलच्या वर्ल्डकपमध्ये आपल्या एवढ्याशा देशाने इटलीला हरवलं. डर्कनच्या पबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. इतिहास पाहता हे शक्य नाही, असं मी सामन्याआधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नंतर पॅकी डर्कन काउंटरमागून ओरडला, "प्रोफेसर, इटलीवाल्यांचा फोन आला होता, तुमचा पत्ता मागतायत." सगळे हसले. फुटबॉलला इतिहास नसतो, एवढंच मी म्हणालो. ऐकलं कोणी नाही.

२६ जून

चांगला दिवस. किल्डेअरहून लावेल आला होता. घोड्यांचा व्यापारी, उंची कोट, गाडीत टेलिफोन. बॉगकॉटन विकत हवी म्हणाला. नुआलाने चहा दिला, केक दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो. तिथे अर्धा तास बोललो. किलब्रानकचा सगळा इतिहास सांगितला. असा ऐकणारा माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता. म्हणाला, "मिस्टर टूही, असं डोकं या चिखलात काय करतंय? माझ्याकडे अशा माणसाची जागा आहे." रेसच्या दिवशी मालकांच्या आवारात ये म्हणाला, पास ठेवतो. आणि ऑगस्टमध्ये फोन करतो. घोडी त्याला पुढे पिलांसाठी हवी आहे. तुझ्या बहिणीची समजूत घातलीस तर तुझ्या सल्ल्याचं काहीतरी देईन, असंही म्हणाला.

याला दलाली म्हणणं चूक ठरेल. मानधन.

२९ जून

नुआलाशी बोललो. तीन संध्याकाळी सलग. तिच्या कमरेचं ऑपरेशन वर्षभर लांबलंय. मी म्हणालो, घोडी किलब्रानकला हरली की तिला कुत्रं विचारणार नाही. आज गिऱ्हाईक दारात आहे. उद्या तीच पडली, पाय मोडला, तर? गोळी घालावी लागेल. हे बोलायला नको होतं कदाचित, पण मुद्दा बरोबर होता.

तिने चहाचे कप आवरले. मग म्हणाली, "आकडे नकोत. मला एवढंच सांग. ती जिंकणार नाही असं तुला मनापासून वाटतं?"

मी म्हणालो, वाटण्याचा प्रश्नच नाही. इतिहासात बसत नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं तू वाचतोयस. मी तर नुसती तिच्याबरोबर असते."

पहिल्यांदाच तिने माझं ऐकलं. बरं वाटलं.

३ जुलै

घोडी गेली. लावेलच्या माणसाच्या हाताने ती गाडीत चढेना. लाथ मारली त्याला. शेवटी नुआला आत गेली, तेव्हा तिच्यामागे मुकाट चढली. नुआला मग बाजूच्या छोट्या दारातून बाहेर आली आणि त्या माणसाला सांगत बसली: ओट्स कोरडे दिले तर खात नाही, वर गार चहा ओतायचा, वीज कडाडली की कोणीतरी जवळ लागतं. तो हो हो म्हणत होता, घड्याळ बघत.

मी खिडकीतून पाहिलं. गवताच्या परागांनी माझे डोळे वाहतात, म्हणून बाहेर गेलो नाही.

जेवण झालंच नाही. ब्रेड खाल्ला. मानधन मिळालं. नुआलाला सांगितलं नाही, व्यवहारातलं तिला कळत नाही.

१५ जुलै

वजनं जाहीर झाली. लावेलने बॉगकॉटन रेसमधून काढून घेतलेली नाही. पिलांसाठी घेतलेली घोडी हर्डलवर पळवतोय. मोठ्या माणसांचेही असे हट्ट असतात. भेटलो की समजावेन.

माझा घोडा ठरला. कॅप्टन्स टेबल. सहा वर्षं, हलकं वजन, गेल्या आठवड्यात पळून दुसरा. सगळ्या नियमांत बसतो. पबमध्ये जाहीर केलं. पॅकी ग्लास पुसत म्हणाला, "प्रोफेसर, तुम्ही रेस बघता कधी, की नुसती वाचता?" मी पेपरची घडी घातली. बाजूला कोणीतरी विचारलं, नुआला कशी आहे. म्हणालो, मजेत.

मजेतच आहे. रिकामा तबेला रोज झाडते.

२३ जुलै

कॅप्टन्स टेबल लंगडतोय. पेपरात दोन ओळी.

खचायचं नाही. नव्याने पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की १९७१ आणि १९८० साली सात वर्षांचे घोडे जिंकले होते. ते मी उगाचच अपवाद म्हणून सोडले होते. म्हणजे पाच ते सात. यात सात वर्षांचा सेक्स्टन येतो. वजन थोडं जास्त आहे, पण १९७१ चा विजेता तरी कुठे हलका होता. महिन्याभरात पळालेला नाही, तेही चालेल. ताजा राहतो.

खरं तर सेक्स्टन मला आधीपासूनच आवडत होता.

आठ वर्षांचे तीन जिंकलेत. ते अपवाद.

३० जुलै

नुआला रेसला येणार म्हणते. मी म्हणालो, माझा मालकांच्या आवाराचा पास आहे, लावेलला सांगून तुझीही सोय बघतो. म्हणाली, "नको. मी शेवटच्या हर्डलजवळ उभी राहीन. तिथे ती घाबरते."

तुझी घोडी नाही ती आता, असं ओठांवर आलं होतं. बोललो नाही. मला वाटतं तेवढा मी कठोर नाही.

१ ऑगस्ट, सोमवार

क्रमाने लिहितो.

मालकांच्या आवाराच्या फाटकावरच्या यादीत माझं नाव नव्हतं. टूही सांगितलं, लावेलचा सल्लागार सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, मागे लोक थांबलेत." कारकुनी गोंधळ. अशी खाती कशी चालतात ते मला आतून माहीत आहे.

सगळं मानधन सेक्स्टनवर लावलं. एकास बाराचा भाव. बॉगकॉटनवर एकास तेहतीस होता आणि तरी कोणी लावत नव्हतं. बुकीदेखील इतिहास वाचतात.

मग नुआलाकडे गेलो, शेवटच्या हर्डलपाशी. कठड्याला टेकून उभी होती, चर्चला जायचा कोट घालून. सकाळी पाऊस झाल्याने मैदान मऊ पडलं होतं. इकडे ऑगस्टमध्ये असं होत नाही.

पहिल्या फेरीत सेक्स्टन चौथा. मी शांत. दुसऱ्या वळणावर तो थकला. अक्षरशः चालायला लागला. शेवटच्या हर्डलकडे चार घोडे एकत्र आले आणि बाहेरच्या बाजूने करडी बॉगकॉटन. नुआला ओरडली नाही. तबेल्यात बोलते तशी म्हणाली, "ये गं बाळ. ये." एवढ्या गर्दीत ते ऐकू जाणं शक्य नाही. घोडीचे कान मात्र आमच्याकडे वळले. ती उडी मारून पुढे आली आणि पुढेच राहिली.

नुआला दोन्ही हातांनी कठडा धरून रडत होती. मला वाटलं, कंबर दुखतेय.

मग जिंकलेल्यांच्या रिंगणाकडे गेलो. तिने मला ओढतच नेलं. आम्ही दोराबाहेर, लावेल आत, हातात चषक, शेजारी फोटोवाले. घोडी जॉकीला जुमानत नव्हती, दोराकडे ओढत होती. लावेलने आम्हाला पाहिलं आणि हसत जवळ आला. नुआलाला म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाचे आभार माना. त्याने तुमची समजूत घातली म्हणून मला ही मिळाली. त्याला दिलेला पैसा वसूल झाला माझा."

नुआलाने माझ्याकडे पाहिलं नाही. दोरावरून हात घालून घोडीच्या कपाळावर ठेवला. कोणीतरी म्हणालं, "बाई, मागे व्हा." ती मागे झाली.

घरी येताना गाडीत मी सांगितलं, की पावसामुळे सगळे आकडे बिघडले. शिवाय आजवर एक नियम म्हणून जे होतं ते आजही नियमच आहे. तेहतीस वर्षांतून एकदा म्हणजे काहीच नाही.

ती म्हणाली, "किती दिले त्याने?"

मी आकडा सांगितला. तिने मान हलवली. जणू बाजारात भाजीचा भाव ऐकला.

४ ऑगस्ट

बोलत नाही. म्हणजे "मीठ दे" वगैरे बोलते. मला वाटतं, निवळेल. मी तिचं वाईट चिंतलं असतं तर गोष्ट वेगळी. मी फक्त माहिती दिली. निर्णय तिचा.

पॅकीने आज प्रोफेसर म्हटलं नाही. मिस्टर टूही म्हणाला, पेला ठेवला आणि दुसरीकडे वळला. हे बहुधा आदराने.

९ ऑगस्ट

लावेलचा फोन आला. शब्दाचा पक्का माणूस. मी घाई केली नाही, तीनदा वाजू दिला. म्हणालो, मिस्टर लावेल, मी वाटच पाहत होतो, पुढच्या मोसमाच्या दृष्टीने माझे काही विचार आहेत.

तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं.

"हां, भाऊ. बहीण आहे का घरात? घोडी खात नाहीये."

मी नुआलाला हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच आली. मी शेजारी उभा होतो, माझं नाव निघालं तर जवळ असावं म्हणून. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "पगार नंतर बोलू. आधी सांगा, खोली तबेल्याजवळ आहे ना?"

फोन ठेवून तिने कणीक पुरी मळली.

१४ ऑगस्ट, रविवार

नुआला गेली. बॅग मीच उचलून स्टॉपपर्यंत नेली. तिने नेऊ दिली. मी म्हणालो, ऑपरेशनचं काय? म्हणाली, तिकडच्या हॉस्पिटलात बघते. मी म्हणालो, नाताळला येशीलच. म्हणाली, घोडी कोणाकडे ठेवू? मी म्हणालो, पत्र पाठव. तेवढ्यात बस दिसायला लागली.

काही झालं तरी सख्खी बहीण. बस सुटताना ती खिडकीकडे वळली आणि तिचे ओठ हलले. "सांभाळ स्वतःला" असंच काहीसं असणार. मी हात वर केला आणि ओरडून सांगितलं, की हो, सांभाळतो.

मग बस पुढे सरकली आणि दिसलं, की तिच्या शेजारी, खिडकीच्या दांड्याआड, एक बाई बसली होती. नुआला तिला खिडकी बंद करायला सांगत होती.