नऊ नंबरची दही-साखर

५ ऑक्टोबर, शनिवार

समोरच्या फ्लॅटमधला गोरा पोरगा फुटबॉलपटू निघाला! महिनाभर मी त्याला जिमचा ट्रेनर समजत होतो.

दुपारी कचरा टाकायला बाहेर पडलो तर लिफ्टपाशी उभा. पाठीवर बॅग, आणि चेहरा आमच्या लेकीचा, शुभ्राचा बारावीच्या पहिल्या पेपरला झाला होता तसा. काय झालं विचारलं. नवा क्लब, आज पहिली मॅच. म्हटलं, थांब. घरात गेलो, चमच्यात दही घेतलं, वर साखर. "नो, आय ॲम ऑलराइट, थँक्स," म्हणाला. असं कसं, घे! "नो, ऑनेस्टली." घे रे बाबा, शुभ असतं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तळहात पुढे केला. डोळे मिटून खाल्लं. इंग्रजांचाही पहिला 'नको' खरा धरायचा नसतो, हे आज कळलं.

संध्याकाळी बेल. दोन गोल मारून आला होता, तेच सांगायला. नाव एलियट, वय बावीस. मी मनातल्या मनात एल्या करून टाकलं.

मंजुषाला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न — "दही विरजलं कोणी?" मीच! सासूबाई पडल्यापासून ती पुण्याला आहे आणि मी इथे दुबईत एकटा. एवढं तर यायलाच लागलं. मग म्हणाली, "चारू, आता ये ना तूही. आई काही इतक्यात चालत नाही. आणि अजून किती वर्षं त्या प्लास्टिकच्या डब्या तपासणार आहेस?" म्हटलं, बघू. मी मजेत आहे.

१२ ऑक्टोबर

दुपारी दार सहज उघडं ठेवलं होतं. हवा यावी म्हणून. (ऑक्टोबरात, दुबईत! असो.) एल्या आला, तळहात पुढे. आजही एक गोल.

२७ ऑक्टोबर

खेळाडू फार वहमी असतात म्हणे. एकदा गोल झाला की तोच मोजा, तीच बाजू, तेच सगळं. म्हणजे आता आमची दही-साखर सुटत नाही! ऑफिसात हे मी चार लोकांना सांगून आलो. चौघांपैकी एकालाही फुटबॉल कळत नाही, मलाही नाही.

१० नोव्हेंबर

काल पहिल्यांदा मॅचला गेलो. क्लब दुसऱ्या डिव्हिजनचा. मैदान चांगलं, माणसं थोडी. एल्याच्या पाठीवर नऊ नंबर. मी आयुष्यभर क्रिकेट पाहिलेला माणूस, इथे टाळ्या कधी वाजवायच्या तेच समजेना. एल्याने गोल मारला, मी उठून ओरडलो, तर बाकी कोणीच हलेना. ऑफसाइड! आमच्या फॅक्टरीत माल रिजेक्ट करतानासुद्धा आधी कारण लिहावं लागतं. इथे नुसता झेंडा वर.

शेजारून कोणीतरी म्हणालं, "साहेब, तुम्ही मराठी? मग हितं सावलीत बसा ना, यल्ला." (यल्ला म्हणजे अरबीत 'चला'.) लियाकत. रत्नागिरीचा, राजिवड्याचा. क्लबच्या पोरांचे शर्ट, बूट, पाणी, सगळं तोच सांभाळतो. एल्यावर त्याचा जीव. म्हणाला, "पोरगा सोन्यासारखा आहे. पन मेपर्यंतच कागद आहे त्याचा. गोल मारले तर पुढे, नायतर खलास."

येताना एल्याला गाडीत विचारलं. आठ वर्षांचा असताना मोठ्या क्लबच्या अकॅडमीत घेतला. दहा वर्षं आई रोज गाडीने नेऊन सोडायची. अठराव्या वर्षी एका खोलीत बोलावून, समोर बिस्किटं ठेवून, पाच मिनिटांत सांगितलं — नको. मग खालचा क्लब, त्याच्याही खालचा क्लब, स्कॉटलंड, घोटा मोडला, मग इथे. इथे नाही जमलं तर फुटबॉल बंद, मामाबरोबर छपरं दुरुस्त करायला जायचं. हे सगळं खिडकीबाहेर बघत, दुसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं. मला राग आला. कोणावर ते कळेना. मी उगाचच पुढच्या ट्रकला हॉर्न दिला.

नेटवर त्याच्या नावाचं एक पान आहे. "इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलपटू, फॉरवर्ड." खाली सहा ओळी. मी म्हटलं, चांगलं आहे की! तेहतीस वर्षं नोकरी केली, माझ्यावर अर्धी ओळ नाही.

१४ डिसेंबर

विरजण बिघडलं! पळत सुपरमार्केटला. डबा साडेसात दिरहम — म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे रुपये, दह्याला! आंबटढाण होतं. एल्याने तरीही खाल्लं. पहिल्या हाफमध्ये काही खास नाही, दुसऱ्यात गोल. याचं नेहमी असंच. मी लियाकतला म्हटलं, हा सेकंड हाफचा खेळाडू आहे. आता मला कळायला लागलंय.

१४ जानेवारी

संक्रांत. मंजुषाने तिळगुळाचे फोटो पाठवले. फोनवर म्हणाली, "चारू, पुन्हा म्हणते. ये ना." म्हटलं, अगं शनिवारी मॅच आहे, पोराला दही कोण देणार? सीझन होऊ दे. ती म्हणाली, "बरं."

१५ फेब्रुवारी

एल्याच्या घोट्याला सूज. तीन आठवडे बसणार. मी वरण-भात नेऊन देतो, तो मला ऑफसाइड शिकवतो, जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि लिंबं मांडून. मीठदाणी म्हणजे एल्या. आज कळलं! निदान लिंबांपुरतं.

मंजुषाने तो ये-येचा विषय परत काढला नाही. सुटलो.

३० मार्च, रविवार

पाडवा आणि ईद एकाच दिवशी! गुढीला काठी मॉपची, पण तांब्या घरचा.

एल्याची आई आठवडाभर आली आहे. लिन. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. सगळ्यांना "लव्ह" म्हणते — मला, लियाकतला, खालच्या वॉचमनला. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी घाबरून बाल्कनीत गेलो.

दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी दही टांगून, चक्का काढून श्रीखंड केलं होतं. लियाकत शीरखुर्मा घेऊन आला. एल्याच्या एका बाजूला श्रीखंड, दुसऱ्या बाजूला शीरखुर्मा. पोरगा दोन्हीकडे बघतोय. लिनने दोन्ही वाट्या शांतपणे स्वतःकडे ओढल्या. याला दुधातलं काही चालत नाही, लव्ह. तान्हा होता तेव्हापासून. पोट धरून बसतो.

मी म्हटलं, दही चालत असेल. दहीसुद्धा नाही. टेबल हललं. एल्या तिला खालून पाय मारत होता.

मग सगळंच बाहेर आलं. दूध पचवायची गोळी मिळते. दर मॅचला ती गोळी घ्यायचा आणि मग माझी बेल वाजवायचा. तरी पहिला हाफ पोटात गडबड असायचीच. लियाकत हसून हसून लाल. "म्हणून हा हाफटाइमला सगळ्यांच्या आधी पळायचा, साहेब! मला वाटायचं कोचला भितो."

मला हसू येईना. म्हटलं, अरे, सांगायचंस की! म्हणाला, सांगितलं होतं. दोनदा. खरंच, दोनदा नको म्हणाला होता. मीच घे-घे केलं. मग दुसऱ्या मॅचला कशाला आलास? तू तर वहमी ना? तो वहमी नाहीच. पानात बघत म्हणाला, तुम्ही दार उघडं ठेवून, चमचा घेऊन बसला होता. आणि आत कोणीच नव्हतं.

श्रीखंड तसंच राहिलं. लिनने डबा भरून घेतला.

३१ मार्च

ठरवलं. यापुढे कोणालाही कशाचाही आग्रह करायचा नाही. माणूस नको म्हणाला की नको.

१९ एप्रिल

आज नुसती साखर दिली. गोल नाही. मागच्या दोन मॅचलाही नुसती साखर, तेव्हाही नाही. मी अंधश्रद्धाळू नाही. पण तीन मॅच कोरड्या! एल्या म्हणाला, दही द्या, गोळी आहे खिशात. मी दिलं नाही. तो हसला, पण हल्ली हसणं गालांपर्यंतच येतं. मे समोर दिसतोय. त्यालाही, मलाही.

१७ मे

शेवटची मॅच. एल्याने मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर आला. लियाकतने डोळ्यांवर टॉवेल घेतला. मीही तेच केलं असतं, माझ्याकडे टॉवेल नव्हता.

२१ मे

लियाकतचा फोन ऑफिसात आला. "साहेब, नाय ठेवला पोराला. नवीन कोणी ब्राझीलचा आणतायत." कसा आहे विचारलं. "सगळ्यांशी हात मिळवला, माझ्या गळ्यात पडला आणि गेला."

संध्याकाळी त्याची बेल वाजवली. दार अर्धं उघडलं. "आय ॲम ऑलराइट, अंकल. थँक्स." मी म्हटलं, जेवतोस का? "नो, ऑनेस्टली." मी मान हलवून परत आलो. नको म्हणजे नको, ठरवलं होतं ना. टीव्ही लावला. बातम्या चालू होत्या, एकही डोक्यात शिरली नाही.

२२ मे

सकाळी कचरा टाकायला गेलो तर कचऱ्याच्या खोलीत, पिशव्यांच्या वर, त्याचे बूट. दोन्ही. नाड्या एकमेकींना बांधलेल्या.

घरी आणले. बेसिनमध्ये धुतले, बाल्कनीत ठेवले. ऑफिसला फोन केला, आज येत नाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा खोटं पोट दुखलं! मुगाची खिचडी टाकली, तूप न घालता. आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आय ॲम ऑलराइट." आतूनच. मी पुन्हा बेल वाजवली. "अंकल, प्लीज, आय ॲम ऑलराइट." मी पायपुसण्यावर बसकण मारली, मांडीवर कुकर. शेजारच्या फिलिपिनो बाई लिफ्टमधून बाहेर आल्या, मला बघून परत आत गेल्या. तिसऱ्यांदा बेल वाजवली नाही, नुसतं म्हटलं, एल्या, गुडघे दुखतात माझे. दार उघडलं.

खाल्लं. निम्म्यात रडायला लागला. मीही. खिचडीला मीठ कमी होतं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. मग म्हणाला, त्याच्या गावाजवळच्या एका क्लबच्या मॅनेजरचा निरोप येऊन पडलाय, आठवडा झाला. पाचव्या पायरीचा क्लब. ट्रायलला बोलावतोय. याने फोन केलेलाच नाही. एवढं खाली जायचं तर छपरंच बरी. मी म्हटलं, लाव फोन. नको. लाव. नको, अंकल. मी बूट आणून त्याच्या पुढ्यात ठेवले आणि तिसऱ्यांदा म्हटलं.

लावला.

आणि मी इथे नियम लिहून ठेवला होता, आग्रह करायचा नाही! कुठला नको खरा आणि कुठला खोटा, हे नियमाने कळत नसतं. दारात उभं राहून बघावं लागतं.

२७ मे

एल्या गेला. विमानतळावर मीच सोडलं, मागच्या सीटवर लियाकत. गाडीतून उतरताना तळहात पुढे केला. खिशात पुडी होती, साखरेची. नुसती साखर. म्हणाला, पुढच्या वेळी गोळ्या घेऊन येईन.

समोरच्या दाराला आज कुलूप आहे. सवयीने दोन वाट्या काढल्या, एक परत ठेवली.

१० जून

नेटवरच्या पानावर सातवी ओळ आली! एक वर्षाचा करार. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. खाली कोणी लिहिलंय ते दिसत नाही. लिनच असणार.

१४ जून, शनिवार

एल्याचा फोन. नवा कोच सांगून झाला, तिथला पाऊस सांगून झाला. मग म्हणाला, "हाऊ आर यू, अंकल?" ऑलराइट. पुन्हा विचारलं. ऑलराइट रे. तिसऱ्यांदा विचारलं, आणि वाट बघत बसला. मी म्हटलं, नाही रे बाळा. घरात कोणी नाही. करमत नाही.

फोन ठेवला आणि लगेच मंजुषाला लावला. सांगितलं, राजीनामा देतोय, कायमचा येतोय. ती म्हणाली, "मी दोनदाच म्हटलं होतं, चारू. मला वाटलं, तुला खरंच नको आहे."