खोली रिकामी होत आहे

६ जानेवारी, सोमवार. सकाळी साडेदहा
व्हीआरएसनंतरचा पहिला सोमवार. उठलो तेव्हा रचना शाळेत शिकवायला गेलेली. कंपनीने प्रशांतला व्हीआरएस दिली, असं आई सगळ्यांना सांगत सुटली आहे. चूक आहे ते. मी घेतली. कंपनीने फक्त फॉर्म आणून टेबलावर ठेवला आणि पेन दिलं.

कल्पिताला मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. फेब्रुवारीच्या मध्याला येईल. मागची खोली तिला द्यायची. सध्या त्या खोलीत सामान आहे. रचना म्हणते, खोलीत सामान आहे असं म्हणू नका, सामानात खोली आहे म्हणा. मास्तरणींना दुसऱ्याची वाक्यं दुरुस्त करायची खोडच असते.

ठाण्याच्या कंपनीत जन्मभर स्टोअर्स सांभाळलं. एक खोली म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. तरी आठवडा धरतो.

ठराव: काहीही फेकायचं नाही. विकायचं. फेकतो तो उधळ्या, विकतो तो व्यवस्थापक.

८ जानेवारी
स्टॉक टेकिंग. दारापासून सुरुवात. व्यायामाची सायकल (टॉवेल वाळतात, म्हणजे चालू स्थितीत). माशांची टाकी, मासे सोडून सर्व. रिमोटांचा डबा, त्यातल्या एकाही रिमोटचा टीव्ही आता घरात नाही. वायरींची पिशवी. लग्नात आलेलं स्टीलचं पिंप, त्यात गेलेले बल्ब. गेलेले बल्ब कोणी ठेवले? वरच्या चिठ्ठीवर अक्षर माझं आहे: 'चेक करणे'.

खिडकीपर्यंत पोचलो नाही. खिडकी आहे हे नक्की. बाहेरून दिसते.

१२ जानेवारी, रविवार
हत्यारांशिवाय लढाई नाही. झाकणाचे मोठे प्लास्टिकचे खोके आणले, मोबाइलसाठी स्टँड, फोटोसाठी गोल लाइट आणि लेबलं छापायचं मशीन. सध्या मागच्या खोलीत ठेवले आहेत.

रचनाने खोलीत डोकावून विचारलं, अहो, सामान काढताय की सामानाला सोबत आणताय? मी लगेच लेबल छापलं: 'काम चालू'. दाराला लावलं.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळ
सायकलीला गिऱ्हाईक. शिळफाट्याचा माणूस, बायको बरोबर. आधी चहा, मग ट्रायल. तो सायकलवर बसून पायडल मारता मारता सगळं सांगत बसला: शुगर, मेव्हण्याचं जमिनीचं भांडण, डॉक्टरने दिलेला दम. त्याची बायको आईशेजारी बसून पोहे खात होती. घामाघूम होऊन उतरला आणि म्हणाला, काका, मस्त आहे, पण घरी ठेवायला जागा नाही. मग रोज इथेच येऊन सायकलवर बसलो तर चालेल का, असंही विचारलं.

आई म्हणाली, चालेल की, महिन्याचा पास काढून दे त्याला.

व्यवहार झाला नाही, पण बाजारात मागणी आहे हे सिद्ध झालं.

२४ जानेवारी
राघो भंगारवाला. गेली कित्येक वर्षं आमच्या सोसायटीतला कागद-पत्रा तोच नेतो. दारात उभ्याउभ्या एक नजर टाकली आणि म्हणाला, साहेब, सगळं एकदम उचलतो, वर खोली झाडून देतो. मी म्हणालो, असं नाही चालत. वस्तूगणिक रेट सांग, कागदावर. आणखी दोघांचे मागवतो, मग ठरवू. कंपनीत गंजका ड्रम भंगारात काढायचा तरी तीन कोटेशनं लागायची. ज्याने तो नियम मोडला तो कुठे आहे? अजून नोकरीत आहे, पण ते वेगळं.

राघोने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, ताई, साहेबांना बरं नाय का?

गेला. रचना कणीक मळता मळता म्हणाली, तुमची तीन कोटेशनं येईपर्यंत नातवंड शाळेत जाईल. मी म्हणालो, घाई करणाऱ्या माणसाला बाजार लुटतो. ती म्हणाली, अहो, लुटू दे ना! त्यासाठीच तर बोलावलेला.

३० जानेवारी
मोठं यश. खिडकीजवळ एका कॉटपुरती जागा मोकळी. फरशी दिसली. आमची फरशी पिस्ता रंगाची आहे, हे विसरलोच होतो.

तिथलं सामान तात्पुरतं हॉलमध्ये, आईच्या पलंगाखाली आणि थोडं पायथ्याशी. आई म्हणते, पाय लांब केले की कीबोर्ड वाजतो. कल्पिताचा लहानपणचा कीबोर्ड. इतक्या वर्षांनी वाजतो ही त्याच्या क्वालिटीची पावती. जाहिरातीत घालतो.

३ फेब्रुवारी
पिंप. बल्ब काढून खोक्यात ठेवले (लेबल: 'बल्ब, चेक करणे'). चिंच लावून घासलं, गोल लाइटमध्ये धरलं. काय उठाव आला! पोटावर नाव कोरलेलं आहे: 'आयु. प्रशांत व आयुनि. रचना यांस मंगल परिणयाप्रीत्यर्थ सप्रेम भेट. मामा भगवान, डोंबिवली.' पूर्वी भांड्यांवर नावं घालून देत, ते अक्षर आता कोण काढतो? नाव स्पष्ट दिसेल असा क्लोजअप घेतला. कल्याण-डोंबिवलीच्या खरेदी-विक्री ग्रुपवर टाकला. मजकूर: 'अँटिक. नावासहित. रास्त बोली लावा.'

लाइक्स भराभर. मार्केटिंग म्हणजे शेवटी नजर.

४ फेब्रुवारी. सकाळी
भगवानमामांचा फोन. आईचे धाकटे भाऊ. सुनेच्या मोबाइलवर फोटो पाहिला म्हणे. जयभीमसुद्धा न घालता थेट विचारलं, प्रशांत, मामा मेला असं कोणी सांगितलं तुला? मी म्हणालो, काहीतरीच काय मामा. ते म्हणाले, मग माझं नाव बाजारात कशाला मांडलंस?

शांतपणे समजावलं. मामा, ही वस्तू वापरात नाही. स्टोअर्सच्या भाषेत तिला नॉन-मूव्हिंग आयटम म्हणतात. मामा म्हणाले, मी पण गुडघ्यांमुळे नॉन-मूव्हिंगच आहे. मलाही टाक ग्रुपवर. नावासहित.

फोन ठेवला त्यांनी. वयोमानाने माणसं हळवी होतात. पोस्ट काढली नाही. बोली अजून यायची होती.

९ फेब्रुवारी, रविवार
दुपारी खाली टेम्पो. पुढे ड्रायव्हरशेजारी मामा, मागे त्यांची सून वल्लरी आणि सामान. आमच्या घराने मामांच्या घराला आजवर जे जे दिलं, ते सगळं परत. परात, कुकर, कॅसरोल, भिंतीवरची दोन घड्याळं, मुलाच्या लग्नातला डिनर सेट, सगळ्यावर आमचं नाव. आणि लोखंडी कपाट. मामांनी डोंबिवलीत पहिली खोली घेतली तेव्हा माझ्या वडिलांनी दिलेलं.

वल्लरी वर येऊन म्हणाली, भाऊजी, मी लय सांगितलं हो त्यांना, ऐकतच नाहीत. मामा वर आलेच नाहीत. मी खाली जाऊन म्हणालो, निदान पिंप तरी घेऊन जा. समोर बघत म्हणाले, आम्ही दिलेलं परत घेत नाही. तुमच्यात चालतं, म्हणून तुमचं तुम्हाला.

आई लिफ्टने खाली गेली. भावाशेजारी टेम्पोत चढून बसली. हमाल वरखाली करत होते तोवर दोघं काय बोलली कळलं नाही. वर आल्यावर तिला विचारलं. म्हणाली, काय नाय. कपाट उचललं तेव्हा भगवानने त्याला एकदा हात लावून घेतला.

कपाट कुठे ठेवायचं? घरात एवढी मोकळी जागा एकाच ठिकाणी होती. मी केलेली.

१० फेब्रुवारी
कपाट आत गेलं. फरशी गेली.

मामांच्या बाजूने विचार केला तर त्यांचं घर मात्र एका दुपारी रिकामं झालं. पद्धत चांगली आहे. आपल्याला कोणी सुचवली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कल्पिता आली. बरोबर सम्यक, आमचे जावई, हातात तिची बॅग. तिला म्हटलं, बघ, सगळं वर्गीकरण झालंय, आता फक्त डिस्पॅच बाकी. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून खिडकीकडे जाता येतं. मी रोज जातो, पोट आत घेऊन. ती निघाली. अर्ध्यात थांबली. पोटावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग उलट्या पावली बाहेर आली.

तक्रार केली असती तर मी उत्तर दिलं असतं.

हॉलमध्ये झोपते म्हणाली. रचनाने हॉलकडे पाहिलं. हॉलमध्ये मागच्या खोलीचं सामान. मी म्हणालो, चार दिवस द्या मला. आई म्हणाली, अरे, तुझ्या वेळेला चाळीतली एक खोली होती आणि आम्ही सात माणसं. पण माणसंच होती रे, सामान नव्हतं.

संध्याकाळी सम्यकने बॅग पुन्हा रिक्षात ठेवली. शहाडला त्यांचं वन रूम किचन आहे. विहीणबाईंनी फोनवर सांगितलं म्हणे, या की, मी किचनमध्ये झोपेन, मला सवय आहे.

पहिलं बाळंतपण सासरी. लोक विचारतील. सांगायचं, हॉस्पिटल तिकडून जवळ आहे.

१८ फेब्रुवारी
रचना रजा टाकून शहाडला गेली. आई म्हणाली, मी पण जाते, तिला गोष्टी सांगायला कोणीतरी हवं. माझं जेवण? डबेवाली सांगून गेल्या.

घर शांत. सामान तेवढंच आणि माणसं दोनने कमी. दरडोई जागा वाढली.

२२ फेब्रुवारी
कपाट अर्ध्या किमतीत टाकलं. नंतर पाव. आता लिहिलं आहे, फुकट, स्वतः घेऊन जावं. लोक विचारतात, फुकट का? काही प्रॉब्लेम आहे का?

राघोला फोन केला. गावी गेला आहे. महिनाभराने येईल.

१ मार्च, शनिवार
सकाळी नऊ. रचनाचा फोन. कल्पिताला हॉस्पिटलमध्ये नेतायत, निघा. नेमका कपाट फुकट न्यायला तयार झालेला माणूस टेम्पो घेऊन निघालेला. म्हटलं, तासाभरात पोचतो, कपाट देऊनच येतो. म्हणजे कल्पिताला तिकडून सरळ इकडेच आणता येईल. रचना म्हणाली, अहो, कपाट राहू दे. मी म्हणालो, तिच्यासाठीच करतोय सगळं. तिने फोन ठेवला.

साडेदहा. टेम्पो शिळफाट्याला अडकला.

साडेअकरा. अजून तिथेच. पाच मिनिटं म्हणतो.

एक. उचलत नाही.

दोन वाजता सम्यकचा मेसेज. मुलगी. दोघी छान.

कपाटापाशी उभा होतो. शेजारी कोणी नव्हतं, म्हणून कपाटालाच सांगितलं.

५ मार्च
शहाड. जाण्याआधी रचनाला विचारलं, काय आणू? डिनर सेट कोरा आहे. ती म्हणाली, हात हलवत या. लग्नानंतर आजवर हात हलवत आलो म्हणून बोलणी खाल्ली. हे नवीन.

खोली लहान. एका भिंतीला कॉट, दोरीवर लंगोट, दारात चपला. विहीणबाई, रचना, आई, सम्यक, सगळे त्यातच, आणि कोणी कोणाला अडखळत नव्हतं. माझे हात मोकळे होते म्हणून आईने बाळ लगेच माझ्याकडे दिलं. वजन काहीच नाही. तरी हलता येईना.

रचनाने ते बघितलं. पुढे येऊन माझा हात बाळाच्या मानेखाली नीट ठेवला.

बाळाकडे बघतच कल्पिताला म्हणालो, सवा महिन्याने तरी घरी ये. खोली रिकामी करून ठेवतो. या वेळी नक्की.

ती उशी नीट करत होती. म्हणाली, राहू द्या पप्पा. आता कशाला.

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण ती साधंच म्हणाली, समजूत काढल्यासारखं.