शनिवारची सरळ रेघ

सर, तुमचे आकडे खरे होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पाल्हाळ तुम्हाला आवडायचं नाही.

पनवेलच्या कॉलेजातली तुमची ती प्रयोगशाळा आठवते. काचेच्या लोलकावर सोन्याचा अतिशय पातळ थर, त्यावरून वाहणारं पाणी आणि काचेतून तिरका येणारा लेसर. पाण्यात जरा काही मिसळलं की परतणाऱ्या प्रकाशाचा कोन बदलायचा आणि कागदावरची रेघ हलायची. पाणी शुद्ध असेल तर रेघ सरळ हवी. तुमची यायची, माझी मेली कधीच नाही. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा म्हणून तुम्ही शुक्रवारी दुपारी यंत्र सुरू करायचात, खोलीला कुलूप लावायचात, ते शनिवारी दिवस मावळल्यावरच उघडायचात. मी मात्र आठवडाभर यंत्राला खेटून बसलेली. "आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी काय बसतेस? जा, चहा पिऊन ये," तुम्ही ओरडायचात. मला वाटायचं, बंद दाराआड तुम्ही स्वतःच रेघा ओढत असणार. शेवटी विभागप्रमुखांना जाऊन मी तसं सांगितलं आणि तुमचा शोधनिबंध अडकला. तुम्ही भांडला नाहीत, त्याचाही मी माझ्या सोयीचा अर्थ काढला.

आता तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत मी तसंच यंत्र अधिक संवेदनशील करायच्या मागे आहे. सोन्याचा थर बदलून पाहिला, लेसर बदलला, रेघ आपली वाकडी ती वाकडीच. गेल्या शनिवारी ओवे गावात एक लग्न होतं, म्हणून यंत्र चालू ठेवून गेले. सोमवारी पाहते तर रेघ सरळ! आमचा मदतनीस म्हणाला, "मॅडम, आमी हात पण नाय लावला. तुमी नव्हतात, एवढंच." मी खुर्ची ओढून जवळ बसले, रेघ हलली. बाहेर गेले, स्थिरावली. माझ्या अंगाची ऊब, सर! तेवढ्यानं पाणी तापून कोन बदलत होता; तुमच्या कुलूपबंद खोलीत ऊब द्यायला कोणी नसायचं. आता यंत्र थर्माकोलच्या खोक्यात आहे, आणि पूर्वी न दिसणारा रसायनाचा अंशही दिसतो. कॅन्टीनमध्ये जाऊन मी दोन प्लेट भजी खाल्ली आणि खाता खाता रडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आपण एका लबाड माणसाकडून शिकलो हे मनातून जात नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला.

तुमची मुलगी इस्रायलला असते. तिला लगेच कळवलं की बाबांचे आकडे बरोबर होते. तिनं उलट विचारलं, "तेव्हा तक्रार कोणी केली होती, तुम्हाला माहीत आहे का?"

मी लिहिलं, नाही.