आजोबांच्या अंगणातलं बी

प्रिय दादा,

तुझं पत्र तीन पत्ते फिरून परवा हातात पडलं. माझ्यापेक्षा जास्त तेच भटकलंय! घराला लागून लावलेली झाडं कौलांच्या वर गेली, तुमचं पिल्लू दुपारभर त्यांच्याखाली खेळतं, असं त्यात वहिनीने लिहिलंय. लागोपाठच्या तीन उन्हाळ्यांत आपली जुनी झाडं वाळली तेव्हा तू रोपवाटिकेला कुलूप लावायला निघाला होतास. मग मी मोज्यात लपवून बी पाठवलं आणि तू म्हणालास, भटकभवानी पहिल्यांदाच कामाला आली.

ते बी माझ्या घरमालक आजोबांच्या अंगणातलं. मोजा त्यांनीच भरला. मोज्याला भोक होतं, त्यावरून मी त्यांची बोलणीही खाल्ली. आजोबा त्या झाडांचं भारी कौतुक करायचे. पाणी मागत नाहीत, भरभर वाढतात, कडक उन्हातही हिरवी. एक अक्षर खोटं नव्हतं. बाहेरून आलेलं प्रत्येक झाड वाईट, असंही नाही. इथल्या बाजाराच्या रस्त्यावर दुसरी परकी झाडं आहेत, त्यांच्या सावलीवरच तिथले विक्रेते तगलेत. पण या झाडाच्या पानांत तेल असतं, साल लांब पट्ट्यांनी सुटते. आजोबा तीच चुलीत घालायचे. एका काडीत पेटते बघ, म्हणायचे, आणि आम्ही दोघं खूश! दोघांच्याही डोक्यात पुढचं काही आलं नाही.

सध्या मी जळकी झाडं कापणाऱ्या टोळीत आहे. डोंगर पेटला, तेव्हा याच झाडांच्या पेटत्या साली वाऱ्यावर उडत वस्तीत, आजोबांच्या छपरावर आल्या. आग जमिनीवरून आली असती तर म्हातारा निसटला असता, असं आमचा मुकादम म्हणतो. छपरावर टेकलेल्या फांद्या मी कापून देणार होते. सावली जाईल म्हणून आजोबा नको म्हणाले, आणि मलाही कंटाळाच आला होता. त्या दिवशी मी दुसऱ्याच गावात होते, नेहमीसारखी. त्यांच्या अंगणातलं पहिलं खोड मीच कापलं.

गल्लीत सगळ्यांना रोपं हवीत, मूठभर बी पाठव, असं तू लिहिलंयस. पाकीट जड लागलं म्हणून खूश झाला असशील. दादा, यात बी नाही. करवतीला धार लावायची माझी कानस आहे. घरालगतची झाडं उन्हाळ्याआधी पाड. ज्यांना आधीच रोपं दिलीस त्यांच्या दारात जा, शिव्या खा, माझं नाव सांग. पिल्लू सावलीसाठी रडेल. रडू दे.

तुझीच,
भटकभवानी