अवघड जागेचं दुखणं

९ मार्च

दोन रेघा! दुसऱ्यांदा तपासलं, तरी दोनच.

हा न्हाणीघराच्या दारातच नाचायला लागला. भिंगरीला उचलून गरगर फिरवलं. आपला बाप कशाला नाचतोय याचा पत्ता नसताना ती खिदळत होती. मीही हसले. मग दार लावून आत बसले आणि नळ सोडून ठेवला. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मला हे बाळ हवंय. हे आधीच लिहून ठेवते. पुढे जे लिहीन ते सगळं भीतीचं असेल, पण बाळ हवंय.

१३ मार्च

आज एका साक्षीदाराची उलटतपासणी संपता संपेना. न्यायाधीश बाईसाहेब वर बसलेल्या, त्यांच्या पायथ्याशी माझं टेबल. जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवायचं. स्टेनोला मधेच उठता येत नाही. म्हणून मी सकाळी घरून काही खाऊनच निघत नाही. भिंगरी झाल्यापासून हेच. पण आता उपाशी कशी राहू?

कुणालाच सांगितलेलं नाही. निदान इथे तरी लिहू दे.

भिंगरीच्या वेळी मी फाटले. थोडीथोडकी नाही, पार मागपर्यंत. जो स्नायू आवळून धरतो, तोच फाटला. टाके घातले, ‘भरून येईल’ म्हणाले. वरून भरलं. आतून नाही. वारा धरता येत नाही. कधी त्याहून वाईट. घाई लागली की लागली — पोचले तर पोचले! पर्समध्ये कायम कपड्यांचा दुसरा जोड. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, किती टापटिपीची बाई!

आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, तशी गत.

२ एप्रिल

नवीन डॉक्टरबाई. माझ्याच वयाच्या असतील. मागचे कागद नीट वाचले. मग विचारलं, "आता काही त्रास? वारा, शौच, कशावरचा ताबा सुटतो का?"

हा शेजारच्या खुर्चीत.

"नाही," मी म्हणाले.

"कधीच नाही?"

"नाही."

"छान. मग नॉर्मल व्हायला हरकत नाही. पुन्हा फाटण्याचा धोका थोडा असतो, पण बहुतेकींचं नीट होतं."

हा खूश.

खोटं बोलायच्या आधी माणूस पाण्याचा घोट घेतो. कोर्टात हजारदा पाहिलंय. आज मी डॉक्टरबाईंच्या टेबलावरचा पेला रिकामा केला.

५ एप्रिल

नणंदेचा फोन. "पहिली नॉर्मल ना? मग दुसरी काय, शिंक आल्यासारखी होईल!"

शिंक आली की माझं काय होतं, ते तिला काय माहीत.

१८ मे

आईला फोन केला. धीर करून म्हणाले, "आई, भिंगरीच्या वेळचं माझं ते अजून..."

"बाळंतपणात होतंच सगळ्यांचं काही ना काही. कुणाला सांगत बसू नकोस. कुकर लावलाय, ठेवते."

ठेवला!

भिंगरीच्या वेळी ती आली, तीन दिवस राहिली आणि बॅग उचलून गेली. "मला दुसऱ्याच्या घरी राहायला जमत नाही," म्हणे. लेकीचं घर दुसऱ्याचं! मला तेव्हा उठून बसतासुद्धा येत नव्हतं. मी गादीवर पडल्या पडल्या तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना ऐकला होता.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. माझा तर नवरा आहे, तोही डॉक्टर नाही, विजेचे मीटर दुरुस्त करतो. तरी सांगवत नाही. पहिल्या वर्षी तो विचारायचा, "दुखतंय का अजून?" मी हो म्हणायचे आणि कूस बदलायचे. ‘दुखतंय’ हा शब्द सोपा. त्याला तेवढाच पुरायचा. हल्ली तो विचारत नाही.

११ जून

जे व्हायचं ते आज झालं. भर कोर्टात.

साक्षीदार बोलत होता, माझी पेन्सिल चालू होती. सकाळी खाल्लं होतं — बाळासाठी. पोटात कळ आली आणि मला कळलं की आता नाही. हात वर केला, कुणाच्या तोंडाकडेही न बघता बाहेर पडले. व्हरांडा संपेचना. नाही पोचले.

संडासात बसून राहिले. धुतलं, पुसलं, दुसरा जोड चढवला. भिंतीवर कुणीतरी ‘नळ बंद करा’ असं लिहिलंय. ते कितीदा वाचलं कोण जाणे.

नंतर बाईसाहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं. वाटलं, गेली नोकरी! पण त्या म्हणाल्या, "अहो, गरोदर बाई तुम्ही. बरं वाटेनासं झालं तर खुशाल सांगा. कोर्ट पाच मिनिटं थांबेल."

किती चांगल्या आहेत. आणि मी किती हलकट, मान डोलावली! पोटाची ढाल मिळाली मला. नऊ महिन्यांची. मग पुढे?

१९ जुलै

आज एकटीच गेले. ह्याला सांगितलं, नुसतं वजन आणि ब्लडप्रेशर आहे, तू येऊन काय करणार?

सगळं तपासून झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाकी काही?"

"माझी मागची साक्ष खोटी होती."

त्यांना वाटलं गंमत करतेय. हसल्या. मग माझं तोंड बघून थांबल्या.

"मला धरवत नाही," मी म्हणाले.

झालं. तीन शब्द. एवढेच होते!

त्यांनी पेन खाली ठेवलं, उठून दार लावलं. "कधीपासून?"

"भिंगरी झाली तेव्हापासून."

"आणि आजवर कुणाकुणाला सांगितलंत?"

"तुम्हाला."

त्यांनी टिशूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या, मला हवा तेवढा वेळ. असं कुणी केलं नव्हतं माझ्यासाठी.

मग तपासणी, आतली सोनोग्राफी. स्नायू नीट जुळलेलाच नाही. मधे फट आहे, पडद्यावर दाखवली. "नॉर्मलला गेलात तर उरलासुरला ताबाही जाऊ शकतो. माझा सल्ला, सिझेरियन करू. आणि बाळंतपणातून सावरलात की याची दुरुस्ती बघू."

"दुरुस्ती होते?"

"होते. अगदी पहिल्यासारखं होईल असं वचन नाही देत. पण पुष्कळ फरक पडतो."

होते! मला वाटत होतं, हे असंच असतं. रंग, उंची, तसं.

२० जुलै

सिझेरियनचं ऐकून हा चिडला. "तू धडधाकट आहेस. हल्ली सगळे कापायलाच बसलेत!"

मग सांगितलं. सगळं. भांडी विसळत, त्याच्याकडे पाठ करून. कोर्टातलंही सांगितलं.

वळले तर हा खुर्चीत बसलेला, हात मांडीवर. म्हणाला, "मला वाटायचं, मी तुला नकोसा झालोय."

"मला वाटायचं, मी तुला नकोशी होईन."

भिंगरी आत टीव्ही बघत होती म्हणून बरं.

६ ऑगस्ट

आता हा मला जपतो. बाहेर गेलं की आधी संडास कुठे आहे ते बघून येतो. काचेचं भांडं उचलावं तसा हात धरतो. मिठी मारत नाही. काय बोलावं ते त्याला कळत नाही, मलाही.

सांगून मोकळी होईन वाटलं होतं. मोकळी झाले. आणि घर आणखीच शांत झालं.

३० सप्टेंबर

पोटात लाथा. खरं तर दिवसभर हे बाळच काय ते माझ्याशी बोलतं.

२८ ऑक्टोबर

आई आली. एकच लहान बॅग. म्हणजे यंदाही तीनच दिवस!

भिंगरीची वेणी घालता घालता पुटपुटली, "कशाला उगाच पोट कापून घ्यायचं."

माझं डोकं फिरलं. भिंगरीला बाहुली आणायला आत पिटाळलं आणि म्हणाले, "आई, मला संडास धरवत नाही. हिच्या बाळंतपणापासून. म्हणून कापून घेतेय. कळलं?"

ती हातातल्या कंगव्यातले केस उपटत बसली. मग म्हणाली, "केस किती गुंततात गं पोरीचे."

बस्स! पोटची पोर एवढं सांगते आणि हिला केस दिसतात! आयुष्यात पुन्हा हिला काही सांगणार नाही.

५ नोव्हेंबर

मुलगी झाली. काल सकाळी. आवाज खणखणीत, नाक ह्याचं. पडद्याआडून वर उचलून दाखवली तेव्हा मी मोठ्याने हसले. भूल देणारे डॉक्टर घाबरले.

पोटाचे टाके ओढतात. खोकला आला की जीव जातो. पण गंमत बघ! जो येतो तो विचारतो, "टाके दुखतात का गं?" नर्स, नणंद, झाडू मारणारी मावशी, सगळ्या. हा उशी धरून बसतो — खोकला आला की पोटाशी धर म्हणून. हे दुखणं चारचौघांत सांगता येतं. याला मान आहे!

भिंगरीने बाळाच्या तळव्याला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "ही पूर्ण आहे का?" पूर्ण आहे गं, अगदी पूर्ण.

आई अजून आहे. तिसरा दिवस केव्हाच होऊन गेला. आज उजाडताच दवाखान्यात आली, बाळाचे कपडे बदलले, माझ्याशी मोजकं बोलली. मीही अढी सोडलेली नाही.

७ नोव्हेंबर

डॉक्टरबाई सकाळी येऊन गेल्या. पोटाची जखम चांगली आहे. "सहा महिन्यांनी या, त्या दुसऱ्या टाक्यांचं ठरवू," म्हणाल्या आणि निघाल्या. दारापर्यंत पोचल्या तेवढ्यात आईने हाक मारली. बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मान खाली.

"अहो बाई, एक विचारू का? फार वर्षं झाली असली, तरी शिवता येतं का ते?"

"किती वर्षं, आजी?"

"छत्तीस."

डॉक्टरबाईंनी हळूच दार लावलं आणि परत येऊन तिच्याशेजारी बसल्या.

मी छत्तीस वर्षांची आहे. तिची पहिली. एकुलती एक.