निळ्या फ्रॉकचा फोटो

चिमणे,

चिठ्ठी वाचलीस की घराला कुलूप लाव आणि थेट वरच्या मावशींकडे जा. मी हाक मारेपर्यंत तिथेच थांब. ओट्यावरचा डबा घेऊन जा.

तुझा नवा फोन मी पोलीस चौकीत दाखवायला नेलाय, शिक्षा म्हणून नाही. सकाळी तू त्या माणसाचा मेसेज दाखवलास: ‘निळा फ्रॉक छान दिसतो. आई सातपर्यंत दुकानात असते ना?’ आणि मी तुझ्यावरच डाफरले, अनोळखी माणसाला हे सांगितलंसच कशाला म्हणून. तू रडत म्हणालीस, मी काहीच नाही सांगितलं.

दुकानात शिवायला बसले, तरी त्याला हे कळलं कसं, हेच डोक्यात होतं. मग माझ्या फोनवर दुकानाचं पान उघडलं. मीच शिवलेला फ्रॉक घालून तू आपल्या दारात उभी, मागे घराचा नंबर. खाली मीच लिहिलंय, ‘आमची लेक, आमची मॉडेल. दुकान सातपर्यंत उघडं.’ शिवाय तुझ्या फोनवरच्या नव्या खात्याचं नावही जोडलंय. गिऱ्हाइकं यावीत म्हणून!

आठवडाभर तुला फोनचे नियम शिकवत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

तो फोटो पानावरून काढून टाकलाय. मेसेज पुसलेला नाही, चौकीत लागेल.

पुन्हा असं काही आलं, तर आजच्यासारखंच मला दाखव. मी ओरडले म्हणून लपवू नकोस गं.

आई